स्विचवर पीएफसी लावताना: क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

"स्विचवर पीएफसी ऑन आहे, तरी पॅकेट ड्रॉप होतायत." हिंजवडीपासून खराडीपर्यंत जिथे आरडीएमएवर (प्रोसेसरला मध्ये न घेता एका सर्व्हरच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेण्याच्या पद्धतीवर) चालणारं स्टोरेज किंवा जीपीयूचा छोटा क्लस्टर उभा राहतो, तिथे हे वाक्य ऐकू येतंच. बहुतेक वेळा पीएफसी (प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, म्हणजे गर्दीत ठरावीक ट्रॅफिकला क्षणभर थांबवायची सोय) खरोखर ऑन असतं. पण ज्या ट्रॅफिकसाठी ते लावलं ते भलत्याच क्यूमधून (रांगेतून) चाललेलं असतं, किंवा सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला त्याचा पत्ता नसतो, किंवा मधला एखादा अपलिंक (स्विच ते स्विच दुवा) राहून गेलेला असतो. घोटाळा क्रमाचा आहे. लोक आधी पीएफसी चालू करतात आणि मग बाकीचं बघतात. आधी ट्रॅफिक योग्य क्यूत जातंय हे काउंटरवर सिद्ध करा, मग त्या क्यूसाठी बफर राखा, आणि पॉज त्यानंतर.

प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल म्हणजे आयईईई ८०२.१क्यूबीबी. पोर्टवरच्या ट्रॅफिकचे ० ते ७ असे आठ वर्ग असतात. एखाद्या वर्गाचा बफर भरत आला की घेणारी बाजू पाठवणाऱ्याला पॉज फ्रेम पाठवते; तेवढा वर्ग थांबतो, बाकीचे सात वाहत राहतात. हा निरोप एका केबलच्या दोन टोकांपुरताच असतो, पुढे जात नाही. म्हणून वाटेतला प्रत्येक पोर्ट, सर्व्हरचं कार्ड धरून, सारखाच लावलेला असावा लागतो. एक दुवा सुटला की ड्रॉप तिथेच होणार.

खालची मांडणी एका ठरावीक नेटवर्कसाठी आहे: २५ गिगाबिटचे सर्व्हर, दोन लीफ स्विच (सर्व्हर ज्यांना जोडतात ते), १०० गिगाबिटचे अपलिंक, आणि स्पाइन स्विच (लीफना एकमेकांशी जोडणारा) शेजारच्या इमारतीत, म्हणजे फायबर साधारण ३०० मीटर. स्टोरेज आरओसीई (इथरनेटवरून चालणारं आरडीएमए) आवृत्ती २ वर, युडीपी पोर्ट ४७९१. कमांड प्रत्येक कंपनीच्या स्विचवर वेगळ्या असतात, त्यामुळे काय लावायचं आणि काय तपासायचं ते सांगतो. शब्द तुमच्या स्विचच्या मॅन्युअलमधून घ्या.

## टप्पा १: कॉन्फिगरेशनला हात लावण्याआधी

कामाची वेळ मागून घ्या. बफर किंवा क्यूओएसची (ट्रॅफिकच्या प्राधान्याची) प्रोफाइल बदलली की काही स्विचवर लिंक क्षणभर पडते, काहींवर रीबूट लागतो. त्यामुळे शनिवारी रात्रीची वेळ, हातात चालू कॉन्फिगरेशनची प्रत, आणि कन्सोल किंवा मॅनेजमेंट पोर्टमधून वेगळी वाट. ज्या पोर्टवर पीएफसी लावताय त्याच पोर्टमधून लॉगिन करून काम करू नका.

वर्गांचा तक्ता कागदावर करा. नेहमीची वाटणी अशी: स्टोरेजचं आरडीएमए ट्रॅफिक डीएससीपी (आयपी हेडरमधली वर्गाची खूण) २६, प्रायॉरिटी ३, लॉसलेस (म्हणजे बफर भरला म्हणून पॅकेट टाकायचं नाही). गर्दीची सूचना देणारी सीएनपी पॅकेट डीएससीपी ४८, प्रायॉरिटी ६, त्यावर पीएफसी नाही. बाकी सगळं प्रायॉरिटी ०. हे आकडे काही कायदा नाहीत, पण कार्ड आणि स्विच बनवणाऱ्यांच्या बऱ्याच तयार प्रोफाइल हेच धरून चालतात, म्हणून उगाच वेगळे घेऊ नका.

लॉसलेस वर्ग एकच ठेवा. "स्टोरेजला ३, जीपीयूला ४, बॅकअपला ५" अशी मागणी येते तेव्हा ठामपणे नाही म्हणा. प्रत्येक लॉसलेस वर्गाला प्रत्येक पोर्टवर वेगळा बफर राखावा लागतो, आणि स्विचच्या चिपवरचा बफर मोजकाच असतो. दोन वर्ग फार तर. आठही वर्ग लॉसलेस केले तर पीएफसी लावण्याचा मतलबच उरत नाही.

केबल आणि स्लॉट तपासा. हे सगळ्यात जास्त वगळलं जातं. पीएफसी फक्त बफर भरल्यामुळे होणारा ड्रॉप टाळतं. घाणेरड्या कनेक्टरमुळे सीआरसी (फ्रेममधली चूक पकडणारा आकडा) चुकलेली फ्रेम टाकूनच दिली जाते, तिथे पीएफसीचा काही उपयोग नाही. प्रत्येक पोर्टचे सीआरसी आणि एफईसीचे (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचे) काउंटर शून्यावर आणा, अर्धा तास ट्रॅफिक चालवा आणि परत बघा. आकडा चढत असेल तर आधी फायबर पुसा.

स्लॉटचं तसंच. १०० गिगाबिटचं कार्ड पीसीआयई तिसऱ्या पिढीच्या आठ लेनच्या स्लॉटमध्ये बसलं असेल, तर स्लॉटची क्षमता साधारण ६३ गिगाबिट. नेटवर्कमध्ये गर्दी नसतानाही ते कार्ड आपला बफर रिकामा करू शकत नाही आणि पॉजवर पॉज पाठवत राहतं. अशा वेळी लोक स्विचला दोष देत बसतात. अशा कार्डाला सोळा लेन मिळाल्यात का, हे ऑपरेटिंग सिस्टिममधूनच दिसतं. स्लॉटच्या आकारावर जाऊ नका. लांबलचक स्लॉटमध्ये आठच लेन जोडलेल्या असतात, असे मदरबोर्ड भरपूर आहेत.

> तपासणी: वर्गांचा तक्ता लिहिलेला आहे. सीआरसीचे काउंटर स्थिर आहेत. प्रत्येक कार्डाची लेन-संख्या पाहिली आहे. यातलं एकही बाकी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: एमटीयू आणि जुना पॉज

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) सगळ्या वाटेवर जुळवा. आरडीएमएचा आतला एमटीयू ४०९६ ठेवायचा असेल तर इथरनेटचा एमटीयू हेडरसकट त्याहून मोठा हवा. सर्व्हरवर ९०००, स्विचवर ९२१६ ही रूढ जोडी आहे. एका अपलिंकवर १५०० राहिला तर मोठी पॅकेट तिथे मरतात, आणि तो दोष हुबेहूब गर्दीच्या ड्रॉपसारखा दिसतो.

मग जुना सरसकट पॉज बंद करा, म्हणजे ८०२.३एक्सवाला. तो आख्खा पोर्ट थांबवतो, वर्ग बघत नाही. एका पोर्टवर तो आणि पीएफसी दोन्ही एकत्र चालत नाहीत. बऱ्याच कार्डांवर तो मुळातच चालू असतो, त्यामुळे स्विचवर बंद करून भागत नाही. प्रत्येक सर्व्हरवर पाठवणं आणि घेणं, दोन्ही दिशा बंद करा.

> सावधान: हा बदल करताना काही कार्ड लिंक खालीवर करतात. बाँड केलेले (एकत्र बांधलेले) पोर्ट असतील तर एकेक करून करा.

## टप्पा ३: मार्किंग आणि ट्रस्ट

निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्यावर घाई नको.

डीएससीपी वापरा, व्हीएलएनच्या (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कच्या) टॅगमधली प्रायॉरिटी नको. टॅगमधले तीन बिट फक्त टॅग असेल तिथेच असतात. अनटॅग्ड पोर्टवर ते नाहीत, आणि लेअर ३ वर राउट होताना ते टिकतीलच असं नाही. लीफ ते स्पाइन राउटेड असेल तर पहिल्याच उडीला प्रायॉरिटी हरवते. डीएससीपी आयपी हेडरमध्ये असतो, त्यामुळे शेवटपर्यंत सोबत जातो. अपवाद एफसीओईचा (इथरनेटवरून चालणाऱ्या फायबर चॅनलचा): त्यात आयपीच नाही, तिथे टॅगवरच अवलंबून राहावं लागतं. वाटेत व्हीएक्सलॅन (एक पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणारं) असेल तर आतला डीएससीपी बाहेरच्या हेडरवर उतरतोय का, ते वेगळं तपासा.

सर्व्हरवर मार्क करा. आता एक गल्लत बारकाईने बघू. डीएससीपी हे सहा बिट आहेत, पण ते ज्या बाइटमध्ये बसतात त्यात शेवटचे दोन बिट ईसीएनचे (गर्दीची खूण करण्याचे) असतात. कार्डाच्या कमांडमध्ये किंवा चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये "ट्रॅफिक क्लास" मागतात तेव्हा आख्खा बाइट मागतात. डीएससीपी २६ ला चारने गुणलं की १०४, त्यात "ईसीएन समजतं" याचे २ मिळवले की १०६. भरायचा आकडा १०६. बरेच जण तिथे सरळ २६ भरतात. २६ हा बाइट म्हणून वाचला तर डीएससीपी होतो ६ आणि ईसीएनचे बिट होतात २. डीएससीपी ६ जातो प्रायॉरिटी ० मध्ये. कमांड चूक दाखवत नाही, ट्रॅफिक चालतं, ईसीएनही बरोबर दिसतं, आणि लॉसलेस क्यू रिकामी राहते.

खात्री करायची तर स्विचवर तो पोर्ट मिरर करा, पोर्ट ४७९१ ची पॅकेट पकडा आणि तो बाइट हेक्समध्ये वाचा. ६ए दिसला तर बरोबर. ६८ दिसला तर डीएससीपी ठीक, पण ईसीएनचे बिट बसलेले नाहीत. १ए दिसला तर वरची गल्लत. ६बी म्हणजे वाटेतल्या स्विचने गर्दीची खूण केली आहे, म्हणजे सगळं नीट चाललंय.

सर्व्हरवरच टीसीपीडम्प (पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम) लावून हे बघायला जाऊ नका. आरडीएमएचं ट्रॅफिक कर्नलला वळसा घालून जातं, तिथे ते सहसा दिसत नाही. पॉज फ्रेमचंही तेच: त्या कार्डाच्या मॅक थरातच गिळल्या जातात. "डम्पमध्ये पॉज दिसत नाही, म्हणजे पीएफसी चालत नाही" हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

ट्रस्ट लावा, सगळीकडे. स्विचच्या पोर्टला "डीएससीपीवर विश्वास ठेव" असं सांगावं लागतं. नाहीतर काही स्विच आलेलं सगळं ट्रॅफिक पोर्टच्या ठरलेल्या वर्गात, बहुधा ० मध्ये, टाकतात. काही मॉडेलवर मुळातच डीएससीपी ट्रस्ट असतो, काहींवर टॅगचा. गृहीत धरू नका. सर्व्हरचे पोर्ट, अपलिंक, दोन लीफमधला जोड-दुवा, स्पाइनचे पोर्ट, सगळे. आणि कार्डालाही ट्रस्ट असतो. मेलानॉक्स कुळातली कार्डं सुरुवातीला टॅगच्या प्रायॉरिटीवर ट्रस्ट धरतात, तिथे हाताने डीएससीपी करावं लागतं.

त्यानंतर डीएससीपी २६ ला प्रायॉरिटी ३ आणि ४८ ला ६ अशी जोडणी पक्की करा. अनेक स्विच आठने भागून ही जोडणी आपोआप करतात (२६ भागिले ८ म्हणजे ३, ४८ भागिले ८ म्हणजे ६). पण मग २४ ते ३१ मधलं सगळंच प्रायॉरिटी ३ मध्ये येतं. आयपी फोनचं सिग्नलिंगही बरेचदा डीएससीपी २४ किंवा २६ वर असतं. तेच नेटवर्क फोनसाठी वापरत असाल तर फक्त २६ जोडा, आणि फोनच्या व्हीएलएनकडून येणारा डीएससीपी दारातच बदला.

> तपासणी, आणि ही चुकवू नका: पीएफसी अजून बंद आहे. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर आरडीएमएची लिहिण्याची चाचणी चालवा. पाठवणाऱ्या कार्डावर, वाटेतल्या प्रत्येक स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पोर्टवर, आणि घेणाऱ्या कार्डावर प्रायॉरिटी ३ चा बाइट-काउंटर चढला पाहिजे. ज्या उडीवर ३ थांबून ० चढतो, दोष त्या उडीवर.

हे जमलं की अर्धं काम झालं. हे न जमता पुढे गेलात तर पुढचं सगळं बरोबर लावूनही दिसेल ते चूकच.

## टप्पा ४: क्यू आणि बँडविड्थ

इथे थोडक्यात आटपतं. प्रायॉरिटी ३ ला स्वतंत्र क्यू द्या, प्रायॉरिटी ६ ला स्वतंत्र. ६ ला कडक प्राधान्य द्या, कारण सीएनपी पॅकेट थोडी आणि लहान असतात आणि ती उशिरा पोचली तर पाठवणारा वेग उशिरा कमी करतो. ३ आणि ० मध्ये ईटीएसने (वर्गांत बँडविड्थ वाटण्याच्या पद्धतीने) वाटणी करा. ५०-५० ने सुरुवात ठीक. ही किमान हमी असते, कमाल मर्यादा नव्हे: ० रिकामा असेल तर ३ ला पूर्ण लिंक मिळते.

कडक प्राधान्य प्रायॉरिटी ३ ला कधीही देऊ नका. स्टोरेजने लिंक भरली की तुमचं लॉगिनसुद्धा अडकेल.

## टप्पा ५: बफर आणि हेडरूम

स्विचने पॉज पाठवला म्हणजे समोरचा त्याच क्षणी थांबला, असं होत नाही. ब्रेक दाबल्यावरही गाडी थोडी पुढे जातेच, तेवढा रस्ता मोकळा ठेवावा लागतो. तो मोकळा बफर म्हणजे हेडरूम. त्यात तीन गोष्टी मिळवायच्या.

पहिली, केबल. फायबरमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, आणि हिशोब जाऊन-येऊन करायचा. आपल्या ३०० मीटरच्या दुव्याला ६०० मीटर, म्हणजे ३ मायक्रोसेकंद. १०० गिगाबिट वेगाने तेवढ्यात ३,००,००० बिट येतात, म्हणजे ३७,५०० बाइट.

दुसरी, दोन मोठ्या फ्रेम. आपण पॉज पाठवायचं ठरवलं तेव्हा आपल्याकडून एखादी फ्रेम आधीच निघालेली असू शकते, ती संपल्याशिवाय पॉज बाहेर पडत नाही. आणि समोरच्याला पॉज पोचला तेव्हा त्याचीही एक फ्रेम अर्धी बाहेर असते. ९२१६ च्या दोन म्हणजे १८,४३२ बाइट. आपल्याकडून अडवणारी फ्रेम कुठल्याही वर्गाची असू शकते, म्हणून इथे पोर्टचा सगळ्यात मोठा एमटीयू धरायचा.

तिसरी, समोरच्या यंत्राला पॉज वाचून अंमल करायला लागणारा वेळ. तो आकडा कंपनीच्या कागदपत्रांतून घ्या.

पहिल्या दोनचीच बेरीज ५६ हजार बाइटच्या आसपास जाते. आता तुलना करा: रॅकमधला २५ गिगाबिटचा ५ मीटरचा दुवा. तिथे केबलचा वाटा दीडशे-पावणेदोनशे बाइट, जवळपास नगण्य. सगळी जागा खातो तो एमटीयू. म्हणून सगळ्या पोर्टना एकच हेडरूम देणं चुकीचं. एकतर जवळच्या पोर्टवर बफर वाया जातो, किंवा लांबच्या अपलिंकवर तो अपुरा पडतो आणि पीएफसी चालू असूनही ड्रॉप होतात. बऱ्याच स्विचवर केबलची लांबी भरली की हेडरूम आपोआप काढला जातो. तिथे सुरुवातीचा आकडा काही मीटरचाच असतो, तो बदलायला विसरू नका. इमारतींमधल्या फायबरची लांबी नकाशावरच्या अंतरावरून काढू नका; डक्टमधून वळसे घेत ती दीडपट सहज होते. ओटीडीआरचा (फायबरची लांबी मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट मागा.

त्याबरोबर दोन उंबरे ठरवायचे: कुठल्या पातळीला पॉज पाठवायचा आणि किती उतरल्यावर सोडायचा. दोन्ही एकमेकांना चिकटवून ठेवले तर पॉज-सोड-पॉज-सोड असा फडफडाट होतो. कंपनीची लॉसलेस प्रोफाइल असेल तर तीच घ्या आणि फक्त केबलची लांबी तेवढी दुरुस्त करा. स्वतःच्या हिशोबाने उंबरे बदलणं पहिल्या दिवसाचं काम नाही.

> सावधान: स्विचमधला बफर ठरावीक आकाराच्या खणांत विभागलेला असतो. ६४ बाइटचं पॅकेटही आख्खा खण अडवतं. लहान पॅकेटचं ट्रॅफिक जास्त असेल तर हिशोबातला हेडरूम प्रत्यक्षात कमी पडतो.

## टप्पा ६: आता पीएफसी

आधी ठरवा: हाताने लावायचं की डीसीबीएक्सने. डीसीबीएक्समध्ये स्विच एलएलडीपीतून (शेजारच्या यंत्राला आपली माहिती सांगणाऱ्या प्रोटोकॉलमधून) आपली मांडणी सांगतो आणि सर्व्हर "मी ऐकतो" अशी तयारी दाखवून ती उचलतो. दोन्ही पद्धती चालतात. मिसळलेल्या चालत नाहीत. सिस्को नेक्ससवर पीएफसीचा मोड मुळात ऑटो असतो, म्हणजे समोरचा डीसीबीएक्स बोलला तरच पीएफसी अमलात येतं. सर्व्हरवर हाताने लावलं आणि स्विच ऑटोवर ठेवला, तर कॉन्फिगरेशन पाहून ऑन वाटतं, पण चालू स्थिती ऑफ असते. आणखी एक अडचण इंटेलच्या काही कार्डांवर येते. त्यांच्या फर्मवेअरमध्येच एलएलडीपी एजंट बसलेला असतो, तो पॅकेट आतल्या आत उचलतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या एजंटला काहीच मिळत नाही. त्यातला एक बंद करा.

सर्व्हर पन्नासच्या आत असतील तर माझं मत हाताने लावण्याकडे आहे. दोष शोधणं खूप सोपं जातं.

क्रम असा ठेवा:

१. स्पाइनच्या पोर्टवर प्रायॉरिटी ३ नो-ड्रॉप करा आणि पीएफसी चालू करा.
२. लीफचे अपलिंक आणि दोन लीफमधला जोड-दुवा.
३. लीफचे सर्व्हरकडचे पोर्ट.
४. सर्व्हरची कार्डं, एकेक करून.

मधूनच उलटं सुरू केलं तर सर्व्हर पॉज पाळायला तयार, पण त्याला पॉज पाठवणारं कुणी नाही, असा अर्धवट काळ येतो. पोर्ट-चॅनल (अनेक पोर्ट जोडून केलेली एक लिंक) असेल तर पीएफसी प्रत्येक सदस्य पोर्टवर लागलंय का ते बघा. कार्डावर आठ जागांचा मुखवटा भरावा लागतो: ०,०,०,१,०,०,०,०. मोजणी शून्यापासून आहे, त्यामुळे एकचा आकडा चौथ्या जागी येतो. तिसऱ्या जागी भरला तर प्रायॉरिटी २ लॉसलेस होते.

> तपासणी: प्रत्येक पोर्टवर "चालू स्थिती" वाचा, नुसतं कॉन्फिगरेशन नव्हे. लिंकच्या दोन्ही टोकांना फक्त प्रायॉरिटी ३ दिसली पाहिजे. हार्डवेअर अ‍ॅनालायझर हाताशी असेल तर पॉज फ्रेममध्ये पत्ता ०१-८०-सी२-००-००-०१, प्रकार ८८०८, ऑपकोड ०१०१ आणि वर्गांच्या रकान्यात ०००८ असायला हवं. ऑपकोड ०००१ दिसला तर जुना सरसकट पॉज कुठेतरी जिवंत आहे.

## टप्पा ७: ईसीएन

पीएफसी हे शेवटचं कुंपण आहे. रोजची गर्दी ईसीएनने आवरायची: क्यू वाढू लागली की स्विच पॅकेटवर खूण करतो, घेणारं कार्ड सीएनपी पाठवतं, पाठवणारं कार्ड वेग कमी करतं. ईसीएन नसेल तर पॉज एका स्विचवरून मागच्या स्विचवर चढत जातो आणि ज्या सर्व्हरचा त्या गर्दीशी काही संबंध नाही तोही अडकतो.

खूण करण्याचा उंबरा पॉजच्या उंबऱ्याआधी गाठला गेला पाहिजे. ईसीएन बाहेर जाणाऱ्या क्यूवर मोजलं जातं आणि पीएफसी आत येणाऱ्या पोर्टच्या बफरवर, त्यामुळे दोन आकडे नुसते शेजारी ठेवून तुलना होत नाही. चाचणी करूनच कळतं. किमान १५० किलोबाइट, कमाल १५०० किलोबाइट ही सुरुवात बऱ्याच ठिकाणी घेतात. तुमच्या स्विचचा बफर लहान असेल तर दोन्ही खाली आणा. आणि ईसीएन प्रायॉरिटी ३ च्याच क्यूवर लावा.

## टप्पा ८: वॉचडॉग

एखादं कार्ड हँग झालं आणि सतत पॉज पाठवत राहिलं तर काय होतं? एका पॉजची कमाल मुदत ६५,५३५ एकक, एक एकक म्हणजे ५१२ बिटांचा वेळ. १०० गिगाबिटवर ती ३३५ मायक्रोसेकंद, २५ गिगाबिटवर सुमारे १.३४ मिलिसेकंद. मुदत संपायच्या आत पुढचा पॉज आला की थांबणं चालूच राहतं. लीफचा बफर भरतो, लीफ स्पाइनला थांबवतो, स्पाइन दुसऱ्या लीफला. एका सर्व्हरपायी आख्खं स्टोरेज ठप्प.

पीएफसी वॉचडॉग क्यू ठरावीक वेळ अडकलेली दिसली की तिचं ट्रॅफिक टाकून देतो आणि परिस्थिती निवळल्यावर ती परत लॉसलेस करतो. हा सगळ्या स्विचवर चालू असलाच पाहिजे, आणि त्याचा अलार्म कुणाच्या तरी मोबाइलवर गेला पाहिजे. वॉचडॉगशिवाय पीएफसी प्रत्यक्ष वापरात नेऊ नका.

## टप्पा ९: चाचणी

चार चाचण्या, याच क्रमाने.

एकास एक. एक सर्व्हर पाठवतो, एक घेतो. वेग लिंकच्या जवळ, पॉज जवळपास शून्य. गर्दी नसताना पॉज दिसले तर घेणाऱ्या सर्व्हरचा पीसीआयई स्लॉट परत बघा.

दोनास एक, ईसीएन तात्पुरतं बंद. दोन सर्व्हर एकाच तिसऱ्यावर लिहितात. लीफवरून पाठवणाऱ्यांकडे प्रायॉरिटी ३ चे पॉज भराभर चढायला हवेत आणि ड्रॉप शून्य. ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत. ईसीएन चालू असताना तपासलं तर ते गर्दी आधीच आवरतं, आणि मोडकं पीएफसी झाकलं जातं. तिसरा सर्व्हर दुसऱ्या लीफखाली ठेवून हीच चाचणी पुन्हा करा, म्हणजे अपलिंकचा हेडरूमही तपासला जाईल.

दोनास एक, ईसीएन चालू. आता सीएनपीचे काउंटर चढले पाहिजेत आणि पॉज एकदम कमी झाले पाहिजेत. पॉज तेवढेच राहिले तर ईसीएनचा उंबरा फार वर आहे, किंवा तो बाइट ६८ आहे.

सोबत साधं टीसीपी. प्रायॉरिटी ० वर आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवा. त्याचा वेग वाटणीप्रमाणे राहिला पाहिजे, थोडे ड्रॉप झाले तर चालतील. तो पूर्ण थांबला, तर पॉज चुकीच्या वर्गाला लागतोय.

घेणाऱ्या कार्डावर क्रम चुकल्याचा काउंटर प्रत्येक चाचणीत वाचा. स्विच ड्रॉप शून्य दाखवत असताना तो चढत असेल, तर पॅकेट वाटेत कुठेतरी हरवतायत, किंवा एकच प्रवाह दोन वाटांनी फुटतोय.

## टप्पा १०: सेव्ह, रीबूट आणि नंतरचं

स्विचवर चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा. सर्व्हरवर मात्र कार्डाच्या कमांडने लावलेलं ट्रस्ट आणि पीएफसी बरेचदा रीबूटनंतर उडतं. ते सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सुरुवातीला सर्व्हिस चालू करणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमध्ये टाका, आणि ती सर्व्हिस कार्ड वर आल्यानंतर पण स्टोरेज जोडण्याआधी चालेल असं बघा.

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या पट्ट्यात गुरुवारी महावितरणची देखभालीची कामं निघतात, आणि ज्यांचा बॅकअप लांब वीजबंदीला पुरत नाही त्यांचे सर्व्हर त्या दिवशी बंद करून परत चालू होतात. शुक्रवारी सकाळी "स्टोरेज हळू चालतंय" अशी तक्रार आली तर आधी कार्डाचा ट्रस्ट वाचा. हस्तांतर करण्यापूर्वी एक सर्व्हर आणि एक लीफ मुद्दाम रीबूट करून टप्पा ३ आणि टप्पा ६ ची तपासणी पुन्हा करा.

रोज नजर ठेवायची ती प्रत्येक पोर्टच्या प्रायॉरिटी ३ च्या पॉजवर (आलेले आणि पाठवलेले वेगवेगळे), प्रायॉरिटी ३ च्या ड्रॉपवर, ईसीएनच्या खुणांवर आणि वॉचडॉगच्या घटनांवर. एकूण आकड्यापेक्षा वाढीचा वेग बघा. सर्व्हरकडून येणारे पॉज वाढले तर दोष त्या सर्व्हरमध्ये शोधा: स्लॉट, मेमरी, फर्मवेअर. स्विचकडून सर्व्हरकडे जाणारे वाढले तर गर्दी नेटवर्कमध्ये आहे.

नवा सर्व्हर जोडताना त्याचं कार्ड आधी दुसऱ्या पोर्टवर लावून टप्पा २ आणि ३ पूर्ण करा, मगच त्याला लॉसलेस पोर्ट द्या. पीएफसी काढायची वेळ आली तर क्रम उलटा: आधी आरडीएमएचं ट्रॅफिक थांबवा, मग सर्व्हरची कार्डं, मग लीफ, शेवटी स्पाइन. ट्रॅफिक चालू असताना मधल्या स्विचवरून पीएफसी काढलं तर ज्यांनी पॉजवर भरवसा ठेवलाय ते सगळे सर्व्हर एकाच वेळी पॅकेट गमावू लागतील.